चष्मा सुटलेल्या आजींचं प्रकरण

गेल्या वर्षी श्रावण सरता सरता माझ्या ओपीडीत पंधरा दिवसांच्या अंतराने एकाच वाडीतल्या दोन बायका लालभडक डोळे घेऊन आल्या. पापण्या सुजलेल्या, कडेला चिकटा. डोळ्यात काय घातलं होतं असं विचारल्यावर दोघींनी वेगवेगळ्या दिवशी एकच उत्तर दिलं: कांद्याचा रस आणि मध, रोज सकाळी एकेक थेंब. कशासाठी? "आमच्या वाडीतल्या एका आजींचा चष्मा सुटला की त्यानं. धा वर्साचा चष्मा. आता बिनचष्म्याची पोथी वाचत्यात."

मी माण-खटाव भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. चष्म्याचे नंबर काढणं, शाळांमधल्या तपासण्या, वाड्यावस्त्यांवरचे मोतीबिंदूचे रुग्ण शोधून शस्त्रक्रियेला पाठवणं हे माझं रोजचं काम. त्या दोघींचे डोळे औषधाच्या थेंबांनी आठवडाभरात निवळले. मला मात्र त्या आजी हव्या होत्या. साठी उलटलेल्या माणसाचा जवळचा चष्मा आपोआप सुटला असं ऐकलं की मला आनंद होत नाही, काळजी वाटते. चाळिशी एकदा लागली की ती परत फिरत नाही. डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता गेली ती गेली. तरीही चष्म्यावाचून बारीक अक्षर दिसायला लागलं असेल, तर डोळ्यात मायनस नंबर, म्हणजे जवळचं स्वच्छ आणि लांबचं पुसट दिसण्याचा दोष, शिरलेला असतो, आणि या वयात तो कुठून आला हे शोधावंच लागतं.

वाडीच्या आशाताईंकडे निरोप धाडला. पुढच्या मंगळवारी आजी आल्या. सोबत सून आणि दहावीतला नातू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण डोळ्यांचे आकडे जसे होते तसेच दिले आहेत.

आजी काय म्हणाल्या

वय 63. जुनी चौथी शिकलेल्या. शेती आणि दोन म्हशी. रक्तदाब नाही, शुगर कधी तपासलेली नाही. दहा वर्षांपूर्वी शिबिरात काढलेला चष्म्याचा कागद सुनेने पिशवीत घालून आणला होता, आणि या प्रकरणातला तो सगळ्यात मोलाचा कागद ठरला. त्यावर लिहिलं होतं: लांबची नजर दोन्ही डोळ्यांना 6/6, नंबर अधिक 0.50, वाचायला अधिक 2.50. म्हणजे तेव्हा आजींना लांबचं लख्ख दिसत होतं आणि वाचायला, निवडायला, टिपायला चष्मा लागत होता. वयाला धरून सगळं ठीक.

"काय त्रास होतोय आजी?"

"मला काय धाड भरलीय? झ्याक दिसतंय की. तूच बोलीवलंस म्हून आले."

माझ्या टेबलावर थेंबांची बाटली होती. ती उचलून त्यांनी तिच्यावरचे बारीक आकडे मला वाचून दाखवले, कधी संपतंय तो महिना आणि वर्ष. मला ते वाचायला दोन वर्षांपासून चष्मा लागतो. नातू कौतुकाने हसला. दीड-दोन वर्षांपूर्वी सुईत दोरा ओवताना त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं होतं की चष्मा कपाळावर राहिला आणि दोरा तरी गेला. मग तांदूळ निवडताना चष्मा नकोसा झाला, मग पोथी वाचताना. शेजारणीच्या सांगण्यावरून त्या मध आणि कांद्याचा रस घालत होत्या, त्यामुळे श्रेय तिकडे गेलं. वाडीत त्यांचं नाव झालं.

लांबचं कसं दिसतं, असं विचारल्यावर त्यांनी एक वाक्य टाकलं, जे मी रोज पाच-सहा तोंडांतून ऐकते: "वय झालं की लांबचं कमी दिसायचंच."

हे खरं नाही, आणि मला ते प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. वय नुसतं जवळचं नेतं. लांबचं कमी होत गेलं तर त्यामागे काहीतरी कारण असतंच: नंबर, मोतीबिंदू, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार, डोळ्याचा दाब वाढून नसेवर झालेला परिणाम. वयावर ढकलून मोकळं होण्यासारखी ती गोष्ट नाही.

सूनबाई काय म्हणाल्या

सून दाराशी उभी होती. सासूचं गावभर कौतुक चाललेलं, त्यात आपण मिठाचा खडा कशाला टाकायचा म्हणून इतके दिवस गप्प बसलेली. मी खुर्ची दिली तेव्हा ती हळूच बोलायला लागली.

वडूजच्या स्टँडवर आजी दहिवडीच्या गाडीऐवजी कराडच्या गाडीत बसल्या होत्या. तिकीट काढताना कंडक्टरच्या लक्षात आलं, पुढच्या थांब्यावर उतरवलं. आजी घरी म्हणाल्या की गर्दीत गडबड झाली. दिवेलागणीला त्यांची स्वतःची लेक वाटेने वर येत होती, तर अंगणातून यांनी "कोन हाय गं?" असं तिसऱ्यांदा विचारलं, आणि लेकीने हाक मारल्यावर आवाजावरून ओळखलं. सगळ्यात वाईट म्हणजे वाडीत कुजबुज सुरू झाली होती की चष्मा सुटल्यापासून म्हातारीला गर्व झालाय. समोरून जाणाऱ्या बायका रामराम घालायच्या आणि आजी उत्तर द्यायच्या नाहीत. त्यांना समोरून कोण जातंय तेच कळत नव्हतं. लुगड्याचा रंग आणि चाल एवढ्यावर त्या माणसं ओळखत होत्या, आणि अलीकडे रंगही दगा देत होते. निळं आणि काळं एकच वाटायचं.

शेवटची गोष्ट सुनेने जरा संकोचाने सांगितली. संकष्टीला चंद्राची वाट बघत बसलेल्या आजी म्हणाल्या होत्या, "आज दोन चंद्र कसं काय?"

आजींनी मान खाली घातली. "एकात एक अडकल्यागत दिसत्यात," त्या म्हणाल्या. "मी कुनाला बोलले न्हाई. लोकं हसतील."

मी त्यांना विचारलं, एक डोळा झाकल्यावर किती चंद्र दिसतात? त्यांनी कधी झाकून पाहिलं नव्हतं. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसतात आणि कुठलाही एक झाकला की एकच दिसतं, तर डोळे हलवणाऱ्या स्नायूंत किंवा मज्जातंतूंत बिघाड असू शकतो, आणि ते एकाएकी झालं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. एक डोळा झाकूनही दोन दिसत राहिले तर दोष त्या उघड्या डोळ्याच्या आतच आहे, बहुतेक वेळा भिंगात. खिडकीतून दिसणारा लांबचा बल्ब मी त्यांना एकेका डोळ्याने बघायला लावला. उजव्याने दोन. डाव्याने "एक हाय, पर शेपूट फुटल्यागत." अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

तपासणी

तक्ता सहा मीटरवर. उजवा डोळा 6/36, डावा 6/24. चांगला डोळा जे अक्षर 36 मीटरवरून वाचतो ते वाचायला आजींच्या उजव्या डोळ्याला सहा मीटरवर यावं लागत होतं. वाचताना त्यांनी डोळे बारीक केले, इतके की दोन फटी उरल्या. मी काही बोलले नाही, नुसती नोंद केली. लांबचं न दिसणारं माणूस, मग ते सहा वर्षांचं असो वा साठ, हे न शिकवता करतं. फट बारीक झाली की कडेचे किरण अडतात, मधले तेवढे आत जातात आणि पडद्यावरचा धूसर ठिपका लहान होतो. लेन्सच्या डब्यातली भोकाची काळी चकती हेच काम करते. ती डोळ्यापुढे धरल्यावर उजवा डोळा 6/18 आणि डावा 6/12 पर्यंत आला. भोकातून नजर सुधारली म्हणजे नंबर नक्की आहे. ती पूर्ण 6/6 झाली नाही म्हणजे नंबराशिवाय आणखीही काही आहे.

घरी कुणाला पडताळायचं असेल तर पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाला सुईने भोक पाडा, एक डोळा झाका आणि भोकातून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचा. नुसत्या डोळ्याने न दिसलेल्या तारखा भोकातून दिसल्या तर चष्म्याच्या नंबरासाठी तपासणी करून घ्यायची वेळ झाली.

मग मी आजींच्या हातात पोथी दिली, त्यांचीच, पिशवीतली. डावा डोळा झाकला आणि सांगितलं, अक्षर स्वच्छ दिसतंय तोवर पोथी लांब लांब न्या, जिथं पुसट होईल तिथं थांबा. दीड वितीवर थांबल्या. टेप लावली, 33 सेंटिमीटर. उजवा झाकल्यावर डाव्या डोळ्याने दोन वितींपर्यंत गेल्या, 44 सेंटिमीटर. हे मोजमाप मला फार आवडतं, कारण यात यंत्र लागत नाही. मायनस नंबराच्या डोळ्याला जिथपर्यंत स्वच्छ दिसतं ते अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि शंभराला त्याने भागायचं. 33 ने भागलं की तीन, 44 ने भागलं की सव्वादोन. मग मी रेटिनोस्कोप घेतला. याने उजेडाचा पट्टा डोळ्यात टाकून आतून येणारी लाल झाक कुठल्या बाजूला सरकते ते बघायचं असतं. पट्टा उजवीकडे नेला की झाक डावीकडे पळत होती. उलटी चाल, म्हणजे मायनस. लेन्स घालत घालत चाल थांबवली, अंतराचा हिशेब वजा केला. उजवा डोळा मायनस 3.00, डावा मायनस 2.25. विती खोटं बोलत नव्हत्या.

आता जुना कागद शेजारी ठेवला. दहा वर्षांपूर्वी अधिक अर्धा, आज उणे तीन. साडेतीन नंबरांची उलथापालथ. पोथी वाचायला आजींना चष्म्यातून जे अधिक अडीच लागत होते ते आता त्यांचा डोळाच आतून पुरवत होता, आणि त्याची किंमत लांबच्या नजरेतून वसूल होत होती. पुस्तकात याला 'सेकंड साइट' असं गोंडस नाव आहे. दुसऱ्यांदा मिळालेली दृष्टी. मला ते नाव पटत नाही, कारण त्या नावामुळेच लोक फसतात.

शुगर आधी

नंबर लिहून चष्मा देण्याआधी मी आजींना रक्ताच्या तपासणीला पाठवलं. याला माझी एक जुनी चूक कारणीभूत आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पन्नाशीच्या आतला एक शेतकरी अचानक लांबचं पुसट दिसतं म्हणून आला. मायनस पावणेदोन नंबर निघाला, चष्मा दिला, पाठवला. महिन्याभरात तो चष्मा हातात घेऊन परत आला. यातून आता काहीच दिसत नाही म्हणाला. मधल्या काळात त्याला खूप तहान लागते, वजन उतरतं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी शुगर तपासली होती. ती भलतीच वाढलेली होती. औषध सुरू झालं, शुगर उतरली आणि नंबरही गेला. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगाच्या पाण्याचं गणित बिघडतं आणि बऱ्याचदा नंबर मायनसकडे सरकतो. साखर उतरताना तो परत फिरतो. त्याच्या डोळ्यांनी मला मधुमेह दाखवला होता आणि मी त्याला चष्मा लावला. त्याचे पैसे गेले त्याहून जास्त वाईट मला या गोष्टीचं वाटलं की निदान माझ्या खुर्चीत व्हायला हवं होतं.

आजींची उपाशीपोटीची शुगर 96, जेवणानंतरची 128. मधुमेह नाही. कसली औषधं चालू आहेत तेही विचारलं, कारण काही गोळ्यांनीसुद्धा एकाएकी मायनस नंबर येतो. काही चालू नव्हतं.

डोळा लांब झाला की भिंग दाट झालं?

इतका वेळ गप्प असलेला नातू इथे बोलला. दहावीच्या विज्ञानात भिंगांच्या धड्यात निकटदृष्टिता आहे. "मॅडम, प्रतिमा पडद्याच्या अलीकडे तयार होते, अंतर्गोल भिंग वापरतात. पण ते तर डोळा लांबट झाल्यावर होतं ना? आजीचा डोळा या वयात कसा लांब होईल?" त्याने केस पेपरच्या मागच्या बाजूला आकृतीही काढली, अंड्यासारखा लांबट डोळा आणि पडद्याच्या अलीकडेच एकत्र आलेले किरण.

प्रश्न नेमका होता. धड्यात कारणं दोन दिलेली आहेत: डोळा लांबट होणं, किंवा डोळ्याची किरण एकत्र आणण्याची ताकद वाढणं. शाळकरी मुलांमध्ये बहुतेक वेळा पहिलं कारण असतं. जन्मतः डोळा सुमारे 17 मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी 23-24 चा होतो. ज्या मुलांचा त्याहून लांब वाढतो त्यांना दर जादा मिलिमीटरला अडीच-तीन नंबर लागतो. वाढत्या वयात तो वाढतच राहतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या शाळांच्या मोठ्या पाहणीत शंभरातल्या 13 मुलांना मायनस नंबर आढळला. ही मुलं कधीच तक्रार करत नाहीत, कारण जग इतरांना याहून स्वच्छ दिसतं हे त्यांना माहीतच नसतं. ती टीव्हीपुढे सरकतात, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतात, सुटलेला चेंडू उशिरा बघतात. घरातल्यांनी हे ओळखायचं असतं आणि रोज दोन तास तरी त्यांना उघड्यावर, उजेडात खेळायला सोडायचं असतं. उघड्यावर खेळण्याने नंबर लागण्याचं प्रमाण कमी होतं हे आता चांगलं सिद्ध झालेलं आहे.

आजींचं दुसरं कारण होतं, आणि ते दाखवायला मी नातवालाच स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, बघायला बोलावलं. आधी साधी बॅटरी मारून आजींची बाहुली दाखवली. काळीकरडी, नेहमीसारखी. पांढरं काही नाही. मोतीबिंदू म्हणजे बाहुलीत पांढरं दिसणं अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे, त्यामुळे घरच्या माणसांना शंका येण्याचं कारणच नव्हतं. मग बाहुली मोठी करायचे थेंब घालून, अर्ध्या तासाने स्लिट लॅम्पचा पातळ उजेड भिंगातून आरपार नेला. भिंगाचा मधला गाभा गुळाच्या खड्यासारखा पिवळा, दाट. कडेचा भाग स्वच्छ. "हा मोतीबिंदू?" नातू म्हणाला. हो. गाभ्याचा मोतीबिंदू. याच्यात भिंग पांढरं न होता वर्षानुवर्षं दाट आणि पिवळं होत जातं. दाट झालं की किरण जास्त वाकवतं, ताकद वाढते, प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. डोळा आहे तेवढाच, भिंग तेवढं जड झालेलं. गाभा आणि कडा यांची घनता वेगवेगळी झाल्याने एका चंद्राचे दोन होतात, आणि पिवळ्या भिंगातून निळा उजेड गाळला गेल्याने निळं लुगडं काळं दिसतं. आजींच्या सगळ्या तक्रारी, ज्या त्यांनी एकेक करून कशावर ना कशावर ढकलल्या होत्या, त्या एका खड्यात होत्या.

पडदा आणि नस डॉक्टरांनी तपासली, दोन्ही निरोगी. डोळ्यांचा दाब 14 आणि 15, तोही ठीक. ही तपासणी टाळता येत नाही. मोतीबिंदू सापडला म्हणून मागे आणखी काही नसेलच असं धरून चालत नाही.

निर्णय

मायनसचा चष्मा देणं चूक ठरलं नसतं. गाभ्याच्या मोतीबिंदूत कित्येकांची वर्ष-दोन वर्षं नंबर बदलून चांगली जातात आणि शस्त्रक्रियेची घाई करावी लागत नाही. पण आजींचा उजवा डोळा चष्म्यानेही 6/18 च्या पुढे जात नव्हता. ट्रायल फ्रेम, म्हणजे नंबर तपासायच्या भिंगांची चौकट, घालून त्यांना व्हरांड्यात चालवलं तर दोन पावलांत भिंत धरली. "जमीन खाली गेल्यागत वाटतीया." उन्हातून सावलीत येताना पायरी चुकते, रात्री म्हशींकडे जाताना पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, हे सगळं सुनेने आधीच सांगितलं होतं. मी शस्त्रक्रिया सुचवली. दोन्ही डोळ्यांची, महिन्याच्या अंतराने.

आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पोथी?"

मी समजावलं की आत बसवायचं भिंग लांबच्या नजरेसाठी धरलं तर वाचायला पुन्हा चष्मा लागेल.

"म्हंजी आता चष्मा न्हाई, आन आपरेशन करून चष्मा लागनार? हे कुठलं आपरेशन?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. वैद्यकीयदृष्ट्या माझं बरोबर होतं, पण आजींच्या बाजूने बघितलं तर त्यांच्या हातात असलेली एकमेव चांगली गोष्ट मी काढून घेत होते. पहाटे उठून चुलीच्या उजेडात तासभर पोथी वाचणं हा त्यांचा दिवसाचा पाया होता. नवरा गेल्यापासूनचा. तो तासभर चष्मा शोधत सुरू करायचा नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी हे माझ्यापेक्षा चांगलं ऐकलं. त्यांनी सुचवलं की आत्ता फक्त उजवा डोळा करू, लांबच्या नजरेसाठी. डावा डोळा आहे तसा राहू दे. त्याचा मोतीबिंदू कमी आहे आणि सव्वादोन मायनस असल्याने दोन वितींवर पोथी त्याला बिनचष्म्याची दिसते. एक डोळा वाटेसाठी, एक पोथीसाठी. असा फरक सगळ्यांना मानवत नाही. काहींना गरगरतं, अंतराचा अंदाज चुकतो. म्हणून आधी ट्रायल फ्रेममध्ये उजव्या डोळ्यापुढे मायनस तीन आणि डाव्यापुढे काही नाही असं लावून आजींना अर्धा तास आवारात फिरवलं. या वेळी भिंत धरली नाही. परत आल्या त्या कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेवरचा आकडा वाचतच.

शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी मोजतात. उजवा 22.8 मिलिमीटर, डावा 22.9. नातवाला मी हा कागद मुद्दाम दाखवला. उणे तीन नंबर असलेला डोळा सरासरीपेक्षा थोडा आखूडच होता. लांबीमुळे आलेला नंबर हा नव्हे, याचा यापेक्षा पक्का पुरावा कुठला? या मोजमापाचं महत्त्व कळायला एक जुनी हकीकत पुरेशी आहे. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरल्ड रिडले यांनी 45 वर्षांच्या एका बाईंच्या डोळ्यात जगातलं पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. शस्त्रक्रिया पार पडली, पण भिंगाच्या ताकदीचा हिशेब चुकला आणि त्या बाईंना मायनस 18 च्याही वरचा नंबर आला. आज ग्रामीण भागातल्या आजीच्या डोळ्यातही लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून भिंग निवडलं जातं. आजींना 22 ताकदीचं भिंग बसलं. सरकारी कार्यक्रमातून, विनामूल्य.

दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आजींनी पहिल्यांदा वॉर्डाच्या भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "हितं निळा रंग कवा दिला?" भिंत पहिल्यापासून निळीच होती. मग त्या स्वतःच्या पांढऱ्या टॉवेलकडे एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने बघत राहिल्या. उजव्याने पांढराशुभ्र, डाव्याने "चहात बुडवून काढल्यागत". शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्यांनी तो टॉवेल दाखवून पुन्हा पुन्हा हेच सांगितलं. महिन्याने उजवा डोळा बिनचष्म्याचा 6/9.

सहा महिन्यांनी

वैशाखात आजी एकट्या आल्या, एसटीने, पाटी वाचून. पोथी आता डाव्या डोळ्याने वाचतात, पूर्वीपेक्षा जरा जवळ धरून. डावा डोळा तपासला. नंबर उणे तीनवर गेलेला, चष्मा लावूनही नजर 6/18. गाभा दाट होत चालला आहे. वाचायला त्यांना आता दीड वितीवर आणावं लागतं. पुढच्या थंडीपर्यंत याचीही शस्त्रक्रिया करावी लागेल, असं मी सांगितलं. त्या वेळी डाव्यात थोडा मायनस राखून भिंग बसवायचं का, म्हणजे पोथी सुटणार नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. तसं करता येतं.

वाडीतल्या बायकांना कांद्याचा रस सोडायला मी दोनदा जाऊन सांगितलं होतं, फारसा उपयोग झाला नव्हता. आजींनी सांगितल्यावर तो बंद झाला. आशाताई म्हणाल्या की आजी आता दर संकष्टीला अंगणात चार बायका जमवतात, चंद्र वर आला की प्रत्येकीला एकेक डोळा झाकून बघायला लावतात आणि किती दिसले ते विचारतात. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी अशा तीन बायका माझ्याकडे पाठवल्या. दोघींना मोतीबिंदू निघाला. तिसरीचे डोळे ठीक होते, तिला आजींनी येताना सुनेलाही तपासून आणायला बजावलं होतं.